वापरकर्ता बदलला की आवाज का जातो? लिनक्स डेस्कटॉपवर सेशन बदलणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

एकाच कॉम्प्युटरवर दोघांची खाती असली की हा अनुभव कधी ना कधी येतोच. आईच्या खात्यात गाणी लागलेली असतात आणि मुलीला थोडा वेळ कॉम्प्युटर हवा असतो. सगळं बंद करून लॉगआउट करण्यापेक्षा 'स्विच यूजर' सोपं, म्हणून तेच केलं जातं, आणि गाणं मध्येच तुटतं. काही मशिनांवर नेमकं उलटं घडतं: गाणं वाजतच राहतं, पण मुलीच्या खात्यात व्हिडिओ लावला तर काहीच ऐकू येत नाही. पहिल्यांदा हे बघणारा माणूस दोन्ही वेळा साउंड कार्डवर संशय घेतो, केबल काढून परत लावतो आणि शेवटी मशीन रीस्टार्ट करतो.

बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं. पहिल्या प्रसंगात कॉम्प्युटर ठरल्याप्रमाणेच वागलेला असतो. दुसऱ्या प्रसंगात कोणीतरी, कधीतरी, एक परवानगी जास्तीची दिलेली असते. यातला आपला प्रसंग कोणता हे ओळखता आलं की पुढचं काम थोडं उरतं, म्हणून या लेखात ओळखण्यावर जास्त भर दिला आहे.

इथलं सगळं उबंटू, फेडोरा, डेबियन यांसारख्या सिस्टमडी (मशीन सुरू झाल्यापासून सगळ्या सेवा सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम) वापरणाऱ्या लिनक्स डेस्कटॉपला लागू आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं छोटी ठेवून टाइप करायच्या.

आधी थोडं समजून घेऊ: कार्डाचा ताबा कोणाकडे?

आवाज तुमच्या कानापर्यंत येतो तो तीन थर ओलांडून. सगळ्यात खाली साउंड कार्ड आणि त्याला चालवणारा कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) भाग, म्हणजे अल्सा. सगळ्यात वर तुमचा ब्राउझर किंवा गाण्यांचा प्लेअर. या दोघांच्या मध्ये बसतो साउंड सर्व्हर. सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज गोळा करणं, एकत्र मिसळणं आणि कार्डाकडे पाठवणं हे त्याचं काम.

हा सर्व्हर पूर्वी पल्सऑडिओ असायचा. फेडोरा ८ ने नोव्हेंबर २००७ मध्ये आणि उबंटू ८.०४ ने एप्रिल २००८ मध्ये तो सगळ्यांसाठी सुरू केला. आता त्याची जागा विम टायमन्स यांनी सुरू केलेल्या पाइपवायरने घेतली आहे. फेडोरा ३४ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२१ मध्ये, आवाजाचं काम त्याच्याकडे गेलं. उबंटूत ते २२.१० पासून, ऑक्टोबर २०२२ मध्ये गेलं. पाइपवायर स्वतः फारसे निर्णय घेत नाही. कोणता आवाज कुठे जाईल हे त्याच्या जोडीला चालणारा वायरप्लंबर ठरवतो.

आता कळीची गोष्ट. साउंड सर्व्हर अख्ख्या मशीनसाठी एक नसतो, प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा असतो. आई आणि मुलगी दोघी लॉगिन असतील तर दोन सर्व्हर चालू असतात आणि दोघांनाही हवं असतं ते एकच कार्ड. त्या क्षणी ते कोणाला मिळावं याचा निवाडा सिस्टमडीचा लॉगिनडी नावाचा भाग करतो. त्याचा नियम साधा आहे: जो वापरकर्ता समोर आहे, म्हणजे ज्याचं सेशन (लॉगिन केल्यापासून लॉगआउटपर्यंतचं चालू काम) स्क्रीनवर दिसतंय, त्याला कार्ड. लिनक्समध्ये कार्डासारखी साधनंही फाइलींच्या रूपात दिसतात आणि त्या कोणी वापरायच्या याची परवानगी फाइलीवर नोंदलेली असते. सेशन बदललं की लॉगिनडी कार्डाच्या फाइलींवरून आधीच्या वापरकर्त्याचं नाव काढतो आणि नव्याचं घालतो. मागे गेलेल्या खात्याचा सर्व्हर ही परवानगी गेल्याचं लक्षात येताच कार्ड सोडून देतो.

हा नियम का केला असेल, याचं उत्तर स्पीकरमध्ये शोधू नका. ते माइकमध्ये आहे. माइकही त्याच साउंड कार्डाचा भाग. मागच्या खात्यातल्या प्रोग्रॅमला कार्ड वापरत राहू दिलं, तर समोर बसलेल्या माणसाचं बोलणं दुसऱ्याच कोणाच्या खात्यात रेकॉर्ड होऊ शकेल, आणि त्याला पत्ताही लागणार नाही. गाणं तुटतं याचा त्रास खरा आहे. पण त्या बदल्यात जे मिळतं ते मला फार मोलाचं वाटतं, आणि पुढच्या सल्ल्यांमध्ये ते जपण्याकडे माझा कल दिसेल.

पायरी १: स्क्रीन लॉक केली होती की वापरकर्ता बदलला होता?

हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि गोंधळाची सुरुवात बहुधा इथेच होते. नुसती स्क्रीन लॉक केली तर तुमचं सेशन समोरच राहतं. त्यावर फक्त पडदा येतो. गाणं चालू राहतं, आणि ते तसंच अपेक्षित आहे.

आता त्याच लॉक स्क्रीनवरून 'दुसऱ्या नावाने लॉगिन करा' हा पर्याय निवडा. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये तो पासवर्डच्या पानावर कोपऱ्यात असतो, आणि मशीनवर एकापेक्षा जास्त खाती असतील तरच दिसतो. तो दाबला की लॉगिनचा पडदा येतो आणि आवाज त्याच क्षणी थांबतो, दुसऱ्या कोणी पासवर्ड टाकायच्याही आधी. कारण लॉगिनचा तो पडदा म्हणजे स्वतःच एक वेगळं सेशन आहे, वेगळ्या सिस्टम वापरकर्त्याच्या नावाने चालणारं. ते समोर आलं की तुमचं मागे गेलं.

म्हणजे 'मुलीने अजून लॉगिनही केलं नव्हतं, तरी गाणं थांबलं' ही तक्रार असेल तर त्यात बिघाड नाही.

पायरी २: दुसरं खातं नसतानाही करता येणारी चाचणी

ही चाचणी मी सगळ्यांना आवर्जून करायला सांगतो, कारण पुढचा अर्धा शोध तिच्यामुळे वाचतो. अर्धवट राहिलेलं काम आधी सेव्ह करा. मग एखादं मोठं गाणं लावा आणि कंट्रोल, अल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन हे बटणही दाबावं लागतं. काळ्या स्क्रीनवर लॉगिनची ओळ दिसेल.

इथे कान देऊन ऐका. आवाज थांबला असेल तर तुमची जुळणी नियमाप्रमाणे आहे. या काळ्या स्क्रीनवर अजून कोणीच लॉगिन नाही, म्हणून कार्ड कोणाच्याच नावावर नाही. आता तिथे स्वतःच्याच नावाने लॉगिन करा. आता समोरचं सेशन वेगळं आहे, पण वापरकर्ता तोच आहे, आणि परवानगी सेशनला मिळत नाही, वापरकर्त्याला मिळते. त्यामुळे कार्ड पुन्हा तुमच्या नावावर येतं. 'एक्झिट' टाइप करून त्यातून बाहेर पडा आणि कंट्रोल-अल्टसोबत एफ२ दाबून डेस्कटॉपवर परत या. काही मशिनांवर डेस्कटॉप एफ१ किंवा एफ७ वर असतो.

काळ्या स्क्रीनवरही गाणं न थांबता चालूच राहिलं, तर दोनांपैकी एक कारण आहे: तुमचं खातं 'ऑडिओ' गटात (कार्ड वापरायची कायमची परवानगी असलेल्या खात्यांच्या यादीत) आहे, किंवा तो प्लेअर साउंड सर्व्हरला वगळून थेट अल्साशी बोलतोय. दोन्हींचा उलगडा पुढे आहे.

पायरी ३: कोणता सर्व्हर चालू आहे ते बघा

टर्मिनलमध्ये 'पीएसीटीएल इन्फो' ही कमांड द्या. सर्व्हरच्या नावाच्या ओळीत नुसतं पल्सऑडिओ असेल तर जुना सर्व्हर आहे. 'पल्सऑडिओ ऑन पाइपवायर' असं असेल तर नवा. नव्यातही पल्सऑडिओचं नाव दिसतं, कारण जुन्या प्रोग्रॅमना काही बदलावं लागू नये म्हणून पाइपवायर त्याच भाषेत बोलतो.

हे बघायचं ते एका फरकासाठी. पल्सऑडिओ कार्ड सोडताना आउटपुट 'सस्पेंड' करतो, म्हणजे तात्पुरतं गोठवतो. गाणं जिथे होतं तिथेच थबकतं. पाइपवायरमध्ये ते कार्ड त्या खात्याच्या यादीतून निघूनच जातं आणि त्याच्या जागी 'डमी आउटपुट' नावाचं पोकळ आउटपुट येऊ शकतं. तसं झालं तर प्लेअरला वाटतं सगळं सुरळीत आहे, गाणं पुढे सरकत राहतं आणि आवाज मात्र कुठेच जात नाही. परत आल्यावर गाणं दोन मिनिटं पुढे गेलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ हा. तासाभराचं व्याख्यान ऐकत असाल तर खातं बदलायच्या आधी स्वतः पॉज करा, नाहीतर मधला भाग निसटेल.

पायरी ४: समोर कोणतं सेशन आहे?

ही पायरी छोटी आहे. 'लॉगिनसीटीएल' एवढीच कमांड द्या. चालू सेशनांची यादी येईल: क्रमांक, वापरकर्ता, सीट. सीट म्हणजे एका माणसाने समोर बसून वापरायचा मॉनिटर, कीबोर्ड, माउस, साउंड कार्ड यांचा संच. साध्या मशीनवर सीट एकच असते आणि तिचं नाव 'सीट०'. मग 'लॉगिनसीटीएल सेशन-स्टेटस' लिहून पुढे सेशनचा क्रमांक द्या. स्टेटच्या ओळीत 'अॅक्टिव्ह' असेल तर ते समोर आहे. 'ऑनलाइन' असेल तर लॉगिन आहे, पण मागे. इथल्या 'ऑनलाइन'चा इंटरनेटशी काही संबंध नाही.

ज्या सेशनच्या रकान्यात सीटच नाही, त्याला कार्डही नाही. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आलेलं सेशन असं असतं. टर्मिनलमध्ये 'एसयू' करून दुसऱ्याचं खातं घेतलं आणि तिथून गाणं लावायचा प्रयत्न केला तरी तो फसतो, कारण ते खातं खऱ्या अर्थाने समोर आलेलंच नसतं आणि त्याचा स्वतःचा साउंड सर्व्हर बहुधा चालूच नसतो.

पायरी ५: कार्डावर कोणाचं नाव लिहिलंय ते वाचा

आता खुद्द कार्डाच्या फाइली बघू. 'एलएस -एल /डेव्ह/एसएनडी' ही कमांड द्या. 'कंट्रोलसी०', 'पीसीएमसी०डी०पी', 'पीसीएमसी०डी०सी' अशी नावं दिसतील. शेवटचं अक्षर 'पी' असलेली फाइल वाजवण्यासाठी, 'सी' असलेली रेकॉर्डिंगसाठी. मालक 'रूट' (मशीनचं सर्वाधिकारी खातं) आणि गट 'ऑडिओ'. डाव्या टोकाला परवानग्यांची अक्षरं असतात. त्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह आहे का बघा. मालक आणि गट यांच्याशिवाय आणखी कोणाला तरी नावानिशी परवानगी दिलेली आहे, हे ते चिन्ह सांगतं.

ते नाव वाचायचं तर 'गेटएफएसीएल /डेव्ह/एसएनडी/कंट्रोलसी०' ही कमांड द्या. इथे फाइलच्या नावातला 'सी' अपवादाने मोठ्या लिपीतला आहे, त्यामुळे पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, बाकीचं नाव आपोआप पूर्ण होईल. उत्तरात 'यूजर' या शब्दानंतर ज्याचं नाव आहे तो कार्डाचा सध्याचा हक्कदार.

आता मुलीच्या खात्यात जाऊन हीच कमांड पुन्हा द्या. आईचं नाव गेलेलं आणि मुलीचं आलेलं दिसेल. सेशन बदलताना पडद्यामागे जे घडतं, ते या एका ओळीत डोळ्यांनी दिसतं. नाव बदललं असेल तर लॉगिनडी आपलं काम करतोय, आणि आवाज येत नसण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं.

पायरी ६: परवानगी मुलीकडे, कार्ड आईकडे

आता दुसरा प्रसंग घेऊ: मुलगी समोर आहे, तिला परवानगीही आहे, पण आवाज नाही. तिच्या सेटिंग्जमध्ये साउंडच्या पानावर आउटपुट म्हणून फक्त 'डमी आउटपुट' दिसतंय.

याचा अर्थ बहुतेक वेळा असा की आईच्या सर्व्हरने कार्ड सोडलेलंच नाही. आजची बरीचशी साधी साउंड कार्डं एका वेळी एकच प्रवाह घेतात. आवाज मिसळण्याचं काम वर सर्व्हरमध्ये होत असल्यामुळे कार्डाला त्याची गरजही पडत नाही. एकाने ते उघडून धरलं की दुसऱ्याला 'साधन वापरात आहे' असं उत्तर मिळतं.

कोणी धरलंय ते नेमकं बघता येतं. प्रशासकाच्या खात्यातून 'सुडो एफयूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*' ही कमांड द्या. प्रत्येक फाइलपुढे ती उघडून बसलेला वापरकर्ता, प्रोसेसचा क्रमांक आणि प्रोग्रॅमचं नाव येतं. कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारं 'सुडो' विसरू नका, कारण त्याशिवाय दुसऱ्याच्या प्रोसेस दिसत नाहीत. 'पी'ने संपणाऱ्या फाइलपुढे आईचं नाव आणि पाइपवायर किंवा पल्सऑडिओ दिसलं, की पुढचा प्रश्न एकच: परवानगी काढून घेतल्यावरही तिच्या सर्व्हरला कार्ड का ठेवता आलं?

उत्तर जवळजवळ नेहमी 'ऑडिओ' गटात सापडतं. आईच्या खात्यात 'आयडी' ही कमांड द्या आणि गटांच्या यादीत 'ऑडिओ' आहे का बघा.

'ऑडिओ' गटाबद्दल माझं स्पष्ट मत

लिनक्सवर आवाजाची कुठलीही तक्रार केली की 'स्वतःला ऑडिओ गटात टाका' हा सल्ला अजूनही मिळतो. लॉगिनडीसारखी व्यवस्था येण्यापूर्वीच्या काळात तो योग्य होता, तेव्हा कार्ड मिळवण्याचा तोच मार्ग होता. आज साध्या डेस्कटॉपवर तो देऊ नये आणि घेऊही नये.

कारण असं. लॉगिनडी आईचं नाव फाइलीवरून काढतो, पण गटाची परवानगी तशीच राहते. आई त्या गटात असेल तर नाव जाऊनही तिचा हक्क जात नाही. तिच्या सर्व्हरला कार्ड सोडण्याचं कारणच उरत नाही. तो मागे राहून कार्ड धरून बसतो आणि मुलीला डमी आउटपुट मिळतं. आणि माइकचा मुद्दा इथे अगदी खरा होऊन समोर येतो: 'ऑडिओ' गटातला माणूस समोर नसतानाही, अगदी एसएसएचने लांबून येऊनही, त्या खोलीतला आवाज रेकॉर्ड करू शकतो. ज्या मशीनवर एकापेक्षा जास्त माणसं बसतात तिथे हे चालवून घेऊ नये.

गटातून काढण्यासाठी प्रशासकाच्या खात्यातून 'सुडो जीपासडब्ल्यूडी -डी' लिहा, पुढे वापरकर्त्याचं नाव आणि मग 'ऑडिओ'. गटांची यादी लॉगिनच्या वेळी वाचली जाते, म्हणून त्यानंतर त्या खात्याचं प्रत्येक सेशन बंद करून नव्याने लॉगिन करावं लागतं. मशीन एकदा रीस्टार्ट करणं त्यापेक्षा सोपं. मग पायरी २ ची चाचणी पुन्हा करा.

अपवाद आहे तो संगीत रेकॉर्ड करणाऱ्यांचा. काही लिनक्स आवृत्त्यांमध्ये प्रोग्रॅमला वेळेची जास्त प्राथमिकता देणारी सवलत या गटाला जोडलेली असते. तशी गरज असेल आणि मशीनवर तुम्ही एकटेच असाल, तर गटात राहायला हरकत नाही.

कॉल चालू असताना खातं बदलू नका

हा भाग घाईत वाचणाऱ्यांनीही वाचावा अशी माझी विनंती आहे. तुम्ही व्हिडिओ कॉलवर आहात आणि कॉल न संपवता खातं बदललं. तुमच्या सर्व्हरने कार्ड सोडलं, म्हणून माइक बंद झाला आणि समोरच्याला तुमचा आवाज ऐकू येईनासा झाला. कॉल मात्र तुटलेला नाही. तो मागे चालू आहे.

कॅमेऱ्याचं काय? कॅमेऱ्याच्या फाइलीलाही लॉगिनडी हाच नियम लावतो आणि तुमचं नाव काढतो. पण लिनक्समध्ये परवानगी तपासली जाते ती फाइल उघडताना. आधीच उघडलेली फाइल परवानगी गेली म्हणून आपोआप बंद होत नाही. साउंड सर्व्हर कार्ड सोडतो ते परवानगीवर लक्ष ठेवून, स्वतःहून. प्रत्येक प्रोग्रॅम तसं करेल याची हमी नाही. कॉलच्या प्रोग्रॅमने कॅमेरा आधीच उघडलेला असेल, तर तुमच्या जागी येऊन बसलेल्या माणसाचं चित्र कॉलवर जात राहू शकतं.

म्हणून खातं बदलायच्या आधी कॉल पूर्ण संपवा आणि कॅमेऱ्याचा दिवा विझल्याची खात्री करा. खातं बदलल्यावर दिवा पेटलेला दिसला तर परत जाऊन तो प्रोग्रॅम बंद करा.

पायरी २ मध्ये सांगितलेला, थेट अल्साशी बोलणारा प्लेअर काळ्या स्क्रीनवरही का वाजत राहतो, त्याचं कारणही हेच. त्याने फाइल आधीच उघडलेली असते आणि ती सोडायला त्याला कोणी सांगत नाही. अशा प्लेअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आउटपुट 'अल्सा'वरून 'पल्सऑडिओ' किंवा 'पाइपवायर' करा.

ब्लूटूथ हेडफोन

ब्लूटूथचं जोडणीचं काम ब्लूझेड नावाची सेवा करते आणि ती अख्ख्या मशीनसाठी एकच असते. त्यामुळे आईच्या खात्यातून एकदा पेअर केलेले हेडफोन मुलीच्या खात्यातही यादीत दिसतात. पण त्यांच्यापर्यंत आवाज पोचवतो तो ज्याचा-त्याचा साउंड सर्व्हर. वायरप्लंबर सीटवर लक्ष ठेवतो आणि खातं मागे गेलं की ब्लूटूथ आवाजाचं काम सोडून देतो, म्हणजे समोर आलेल्या खात्याला ते घेता येतं. या हस्तांतरात जोडणी तुटू शकते. तसं झालं तर मुलीच्या खात्यात ब्लूटूथच्या सेटिंग्जमधून हेडफोन पुन्हा 'कनेक्ट' करा. नव्याने पेअर करायची गरज नाही.

अचानक मोठा आवाज

दोन खात्यांमधली आवाजाची पातळी आणि आवडीचं आउटपुट वेगवेगळं लक्षात ठेवलं जातं. प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये त्याची नोंद असते. आईने स्पीकर निवडलेत आणि मुलीने एचडीएमआय, तर खातं बदलताच आवाज टीव्हीतून येऊ लागेल. पातळीचंही तसंच. म्हणून कानात हेडफोन घालून खातं बदलू नका. आधी खातं बदला, पातळी बघा, मग हेडफोन घाला. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष जपा.

मागचं गाणं चालूच राहायला हवं असेल तर

ही गरजही रास्त आहे. एकाने कामाला बसावं आणि दुसऱ्याने लावलेलं संगीत खोलीत चालू राहावं, यात गैर काही नाही. माझ्या पसंतीच्या क्रमाने मार्ग सांगतो.

सगळ्यात सोपं म्हणजे संगीत त्या मशीनवरून न वाजवता फोनवरून किंवा स्वतंत्र स्पीकरवरून वाजवणं.

दोघांना खरोखरच एकाच वेळी आपापला आवाज हवा असेल, तर एक यूएसबी साउंड कार्ड आणा आणि मशीनवर दुसरी सीट उभी करा. लॉगिनडीमध्ये ही सोय आहे. 'लॉगिनसीटीएल सीट-स्टेटस' ने कोणती साधनं कोणत्या सीटवर आहेत ते दिसतं, आणि 'लॉगिनसीटीएल अटॅच' ने ती दुसऱ्या सीटला जोडता येतात. दुसऱ्या सीटला स्वतःचा मॉनिटर, कीबोर्ड आणि माउसही लागतो आणि मॉनिटरसाठी सहसा दुसरं ग्राफिक्स कार्डही. थोडी खटपट आहे, पण त्यानंतर दोघेही एकाच वेळी आपापल्या सीटवर 'अॅक्टिव्ह' असतात आणि भांडणाचं मूळच संपतं.

एका खात्याचा आवाज दुसऱ्या खात्याच्या सर्व्हरकडे मशीनच्या आतल्या नेटवर्कवरून पाठवायचाही मार्ग आहे. ज्याचा सर्व्हर त्याला बाकीच्यांचा आवाज हाताळता येतो आणि ज्यांना तिथे प्रवेश त्यांना माइकही मिळू शकतो. एकमेकांवर पूर्ण विश्वास असेल तरच या वाटेला जा.

पल्सऑडिओ अख्ख्या मशीनसाठी एकच चालवण्याची 'सिस्टम' पद्धतही आहे. ती डेस्कटॉपवर वापरू नका, असं पल्सऑडिओचे कर्तेच सांगतात, आणि कारण वर येऊन गेलंच आहे: सगळ्यांचे आवाज आणि माइक एकाच ठिकाणी, सगळ्यांना खुले.

परत आल्यावर आवाज येत नसेल

मुलीचं काम झालं, आई आपल्या खात्यात परतली आणि गाणं गप्पच. आधी प्लेअरमध्ये पॉज करून पुन्हा प्ले करा. बऱ्याच वेळा एवढ्याने काम होतं, कारण प्लेअर नव्याने आउटपुट मागतो. ब्राउझरमधला व्हिडिओ असेल तर ते पान रीफ्रेश करा.

तरी नाही आला तर 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' ही कमांड द्या. 'सिंक्स' या मथळ्याखाली तुमचे स्पीकर दिसतात का आणि त्यांच्यापुढे तारा आहे का बघा. तारा म्हणजे सध्याचं ठरलेलं आउटपुट. स्पीकर आहेत पण तारा दुसरीकडे असेल, तर साउंडच्या सेटिंग्जमधून स्पीकर निवडा. स्पीकर यादीतच नसतील तर मुलीच्या खात्यात काहीतरी अजून कार्ड धरून आहे. पायरी ६ मधल्या 'एफयूजर'ने ते शोधा आणि तिच्या खात्यात जाऊन तो प्रोग्रॅम बंद करा.

एफयूजरला कोणीच सापडलं नाही आणि तरीही यादी रिकामी असेल, तर आपला साउंड सर्व्हर नव्याने सुरू करा: 'सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट' आणि पुढे पाइपवायर, पाइपवायर-पल्स, वायरप्लंबर ही तीन नावं. इथे 'सुडो' लावायचं नाही, कारण हा सर्व्हर तुमच्या खात्याचा आहे. जुन्या पल्सऑडिओवर 'पल्सऑडिओ -के' पुरतं, तो बंद होऊन सहसा आपोआप पुन्हा उठतो. चालू असलेले प्लेअर यानंतर एकदा बंद करून उघडावे लागतील. मुलीचं सेशन मागे तसंच राहतं आणि तिचं उघडं काम जसंच्या तसं असतं.